मागे उभं राहून

कासार आंबोलीच्या फाट्यावर मी सिक्स सीटर रिक्षात चढले तेव्हा आत आधीच नऊ माणसं होती. दहावी मी. जागा मिळाली ती अर्ध्या मांडीची, आणि शेजारच्या माणसाने उघडीच आत घेतलेली छत्री माझ्या ओढणीवर निवांत गळत होती.

"छत्री मिटा ना जरा," मी म्हणाले.

"मिटली असती ओ. पर तिला दोन हात लागत्यात, आन् माज्याकडं सध्या एकच हाय."

तेव्हा कुठे मी नीट पाहिलं. डावा हात गळ्यातल्या झोळीत. तिशीच्या अलीकडचा सावळा माणूस, भुवयांवर पावसाचे थेंब, आणि चेहऱ्यावर असं हसू की त्याला एक हात कमी असल्याची खबरच नसावी. मी छत्री मिटून दिली. गप्प बसायला हवं होतं... पण धंद्याची खोड!

"काय झालं खांद्याला?"

"जूनमधी घोटावड्याच्या वळणावर गाडी घसरली. खांदा निखळला. पुण्यात बसवून दिला, पर हात काय वर जाईना."

"झोळीतून काढून दाखवा बघू."

"हितं?"

"इथेच. बाजूला उचला हात."

त्याने उचलायचा प्रयत्न केला. हात वीतभर गेला असेल-नसेल, पण बाकीचा सगळा माणूस माझ्या अंगावर आला.

"झुकू नका," मी म्हणाले.

"मी न्हाई झुकत. हात झुकवतोय."

"म्हणजे तेच. झुकू नका!"

बाकीची आठही माणसं आमच्याकडे बघत होती. तो कानापर्यंत लाल झाला. मग हळूच म्हणाला, "तुमी डॉक्टर हाय का?"

"फिजिओथेरपिस्ट. इथल्या ट्रस्टच्या दवाखान्यात."

"म्हंजी... मालिश?"

साडेचार वर्षं हाडं, स्नायू आणि नसा घोकून पास झालेल्या मुलीला हा प्रश्न विचारायचा नसतो. मी खिडकीबाहेर तोंड वळवलं. घोटावडे फाट्याला तो उतरला आणि छत्री माझ्याच मांडीवर विसरून गेला. दोन हजार सात सालच्या जुलैतली ही गोष्ट.

सोमवारी दवाखान्यात आमच्या आयाबाई, रंभाबाई, दारातून ओरडल्या, "म्याडम, तुमचा मालिशवाला आलाय बरं का!" नऊ माणसांत त्याही होत्या, हे मी विसरलेच होते.

"छत्री न्यायला आलो," तो म्हणाला. मग पाठीमागून एक फाईल पुढे केली. "आन् हे बी दावायला."

एकनाथ हैबतराव ढमाले, राहणार रिहे. घोटावड्याच्या एका कारखान्यात स्प्रिंगा तपासायच्या नोकरीवर. घरी आई आणि दीड एकर भात. फाईलमध्ये पुण्याच्या सर्जनची चिठ्ठी होती. खांदा निखळताना स्नायूला जाणारी नस ताणली गेली होती. ती आपोआप जागी होण्याची शक्यता होती. सप्टेंबरअखेर स्नायूत जीव आला नाही तर मात्र ऑपरेशन करून नस जोडावी लागणार होती. त्यालाही उशीर करून चालणार नव्हतं, कारण फार दिवस उपाशी राहिलेला स्नायू सुकतो आणि मग ऑपरेशनचाही उपयोग होत नाही. तोवर दर आठवड्याला ताकद मोजून कळवायची, हे काम माझं.

"ऑपरेशन नको," चिठ्ठी वाचून होताच तो म्हणाला. त्याचं हसू पहिल्यांदाच विझलेलं दिसलं. "कार्तिकात भाताची झोडणी असती. पेंढी डोक्यावरनं उचलून आपटावी लागती. आई एकली काय करंल?"

मी त्याला स्टुलावर बसवलं आणि मागे उभी राहिले. या स्नायूची परीक्षा अशीच घ्यायची असते. एक तळवा खांद्याच्या माथ्यावर दाबून ठेवायचा, म्हणजे रुग्ण खांदा उचकवून फसवणार नाही. दोन बोटं खांद्याच्या गोलाईवर, स्नायू खरंच आवळतोय का हे कळायला. कोपर वाकलेलं. आणि दर वेळी सगळं तस्संच, तिळभरही फरक न करता. हात वर गेला एवढ्याने काही सिद्ध होत नाही. शरीर मोठं लबाड असतं... एक स्नायू झोपला की शेजारपाजारचे धावून येतात, आणि बघणाऱ्याला वाटतं, आला की हात!

"उचला."

बोटांखाली काहीच हललं नाही.

"किती मार्क?" त्याने मान न वळवता विचारलं.

"शून्य."

"शाळेत बी एवढं कमी न्हवतं पडलं. कितीपैकी?"

"पाचपैकी. एक म्हणजे नुसती थरथर. दोन म्हणजे आडवं झाल्यावर हलतो. तीन म्हणजे बसून स्वतःचं वजन पेलतो. चारला मी दाबलं तरी थोडा तग धरतो. आणि पाचला..."

"पाचला काय?"

"पाचला मी दाबते आणि मीच हरते."

"मग पाच पडायलाच पायजेत," एकनाथ म्हणाला, आणि आता मात्र त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी उगाच फाईल चाळत बसले.

त्याला सोमवार-गुरुवार दिले होते, तो मंगळवार-शुक्रवारीही येऊ लागला. रंभाबाई म्हणायच्या, "ह्याला आता हितंच खाट टाका." येताना कधी मक्याची कणसं, कधी कोवळ्या काकड्या. एकदा रानातली कुर्डूची भाजी आणली आणि ती कशी करायची हे इतक्या सविस्तर सांगितलं की रांगेतली तीन माणसं कंटाळून चहाला निघून गेली. मी अंबाजोगाईची. पिरंगुटला एका खोलीत एकटी राहणारी, कुकरच्या दोन शिट्ट्यांत संसार आटोपणारी. मला कुर्डू काय माहीत! पण त्या रात्री मी ती भाजी केली, आणि जास्त तिखट झाली तरी सगळी खाल्ली.

"तुमचं माप मला पटत न्हाई," एकदा तो म्हणाला.

"का?"

"आमच्यात एक स्प्रिंग दोघांनी मोजायची. एकट्याचं माप धरत न्हाईत. एखादी स्प्रिंग माणसाच्या मनात भरली तर?"

"स्प्रिंग मनात भरते?"

"भरती की. सारकी हातात घेतली तर भरती."

मी म्हणाले, "माणूस काही स्प्रिंग नसतो," आणि फार हुशार उत्तर दिल्यासारखी हसले. देवा, किती मूर्ख होते मी!

कारण एव्हाना एक गोष्ट घडून गेली होती आणि ती माझ्या ध्यानात आली नव्हती. मागे उभं राहिलं की त्याचा चेहरा दिसत नसे. तो काहीतरी बोले, आणि ते बोलताना त्याच्या डोळ्यांत काय आहे ते मला कळत नसे. म्हणून एके दिवशी मी बाजूला सरकले. मग आणखी थोडी. ऑगस्ट संपता संपता मी त्याच्या थेट समोर उभी होते. खांद्याच्या माथ्यावरचा तळवा कधीच निघाला होता. तो हात आता त्याच्या कोपराखाली होता... आधाराला, नुसता आधाराला. गोलाईवरची बोटं कुठे गेली, मला आठवतही नाही.

"उचला."

हात वर आला. खांद्याच्या रेषेत आला!

"तीन!" मी जवळजवळ ओरडले.

"तीन?" त्याचा चेहरा उजळला, आणि तो उजळला म्हणून माझाही. बाहेर पावसाची भुरभुर चालू होती, खिडकीच्या गजांवर पाणी साचलं होतं, आणि आम्ही दोघं पाचपैकी तीन मार्कांवर वेड्यासारखे हसत होतो. मी फाईलमध्ये तीन लिहिलं. सर्जनना फोन करून सांगितलं, सुधारणा आहे. ते म्हणाले, उत्तम, मग ऑपरेशनचं नंतर बघू.

एकनाथ जाताना दारात थांबला. "म्याडम, आता पाचापातुर मी काय सोडत न्हाई."

"हरायची तयारी आहे माझी," मी बोलून गेले. आणि मग दिवसभर माझेच कान गरम.

कल्पना मॅडम महिन्यातून एकदा पुण्याहून यायच्या. कॉलेजात त्यांनीच मला शिकवलं होतं. बोलणं कमी, चष्मा जाड, आणि हात असा की झोपलेल्या स्नायूलाही घाम फुटावा. सप्टेंबरच्या मधल्या गुरुवारी त्या आल्या आणि मी मोठ्या तोऱ्यात एकनाथला पुढे केलं. माझा सगळ्यात छान सुधारलेला पेशंट!

त्या त्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. तळवा खांद्यावर. दोन बोटं गोलाईवर. डोळे मिटले.

"उचला."

एकनाथ उजवीकडे कलला. मॅडमचा तळवा जागचा हलला नाही. "सरळ बसा. झुकायचं नाही. पुन्हा."

हात वीतभर वर गेला आणि थांबला. मॅडमनी तीनदा पाहिलं. मग नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "बरं. या तुम्ही."

तो माझ्याकडे बघून हसला आणि गेला. मॅडमनी दार लोटलं.

"ज्ञानदा, बोटांखाली काही नाही. शून्य आहे. जो हात उचलला तो शेजारच्या स्नायूंनी."

"पण मॅडम, मी तीनदा तीन..."

"तू कुठे उभी राहत होतीस?"

मी स्टुलासमोरच्या जागेकडे पाहिलं. त्यांनीही तिकडे पाहिलं, आणि त्यांना जे कळायचं ते कळलं. रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं.

"सर्जनशी मी आजच बोलते. अजून वेळ गेलेली नाही, पण फार उरलेलीही नाही. त्याला मी सांगू की तू?"

"मी सांगते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि रिह्याला गेले. पाऊस उघडला होता. दोन्ही बाजूंनी भात पोटरीला आलं होतं, लोंब्या फुटायच्या बेतात होत्या, आणि बांधावरून चालताना त्याचा गोडसर वास येत होता. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मला तो फार आवडला असता. त्या दिवशी मात्र मी वाटभर एकच वाक्य जुळवत होते आणि ते जुळत नव्हतं.

एकनाथ अंगणात होता. मला बघून धडपडत उठला. "आई, म्याडम आल्यात! च्या टाक!" आतून धोंडाबाई पदर सावरत बाहेर आल्या, माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं, आणि म्हणाल्या, "हीच का रं ती? लई बारीक हाय की!" मग हसत चूल पेटवायला गेल्या.

"बसा ना," तो म्हणाला.

"नको. आधी ऐका." मी उभ्यानेच सांगितलं, एका श्वासात. "तुमच्या खांद्यात अजून काहीच नाही. माझं तीन चुकीचं होतं. शून्यच आहे, पहिल्या दिवसासारखं. ऑपरेशन करावं लागेल आणि लवकर करावं लागेल. माझ्यामुळे तुमचे तीन आठवडे गेले."

त्याचं हसू चेहऱ्यावरच राहिलं, आणि मग हळूहळू उतरलं. तो ओट्यावर बसला. डाव्या हाताकडे बघत राहिला.

"चुकीचं... म्हंजी कसं चुकीचं? तुमी तर शिकलेल्या."

"शिकले होते. तुमच्या मागे उभं राहून हात ठेवायला हवा होता. मी पुढे उभी राहिले."

"का?"

इथपर्यंत वाक्य जुळलं होतं. यापुढे नव्हतं.

"मागून तुमचा चेहरा दिसत नाही," मी म्हणाले. "मला... तो बघायचा असायचा. रोज. म्हणून मी पुढे आले आणि माझा हात खोटा झाला. तुम्हाला बरं वाटावं असं मला इतकं वाटत होतं की मी तुमचं कोपरही उचलून धरत होते, आणि मला ते कळलंसुद्धा नाही. तुम्ही रागवा. तक्रार करा. पण ऑपरेशनला नाही म्हणू नका."

आत चहासाठी आलं ठेचल्याचा आवाज येत होता. माझ्या मनात आलं, संपलं सगळं. आणि हेच बरोबर आहे.

"राग आलाय," शेवटी तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू. आईला सांगितलं व्हतं, झोडणीला मी हाय म्हनून." तो थांबला. पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिला. "पर तुमचं एकलीचं न्हाई ते."

"म्हणजे?"

"पहिल्यांदा हात वर गेला तवा तुमी अशा काय हसल्या... मला ठावं व्हतं मी झुकतोय. शिक्स शिटरमधी तुमीच सांगितलं व्हतं की, झुकू नका. तरी झुकलो. मग घरी आरशापुढं उभं राहून बघितलं, किती झुकलं की हात किती जातो. सराव केला, म्याडम. रोज. तुमी हसावं म्हनून."

मी ओट्यावर बसले.

"आपण दोघं किती..."

"येडे," तो म्हणाला. "लई येडे."

धोंडाबाईंनी चहा आणून ठेवला, आमच्या तोंडांकडे पाहिलं आणि काही न विचारता परत आत गेल्या. एकनाथने कपातला चहा बशीत ओतून निम्मा संपवला. मग म्हणाला, "करू ऑपरेशन. झोडणीला मामाला बोलावतो. पर एक हाय. फुडं माप तुमीच घ्यायचं."

"नाही. मी तुमची परीक्षा घेणार नाही आता. माझा हात एकीकडे कलतो."

"आमच्याकडं काटा चुकला तर भंगारात टाकत न्हाईत. खरं वजन ठेवून परत जुळवत्यात." त्याने माझ्याकडे पाहिलं, सरळ. "एक माप मोठ्या म्याडमनी घ्यायचं, एक तुमी. एकमेकींना न सांगता. दोघींचं जुळलं तरच लिव्हायचं."

"आणि मी उभं कुठे राहायचं?"

"मागं," तो म्हणाला. "तोंड नंतर बघा. मी कुटं पळून चाललोय?"

ऑपरेशन ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात झालं. त्यानंतर सुरू झालं वाट बघणं. जोडलेली नस फार हळू वाढते, महिन्याला जेमतेम इंचभर, आणि तिला घाई केलेली चालत नाही. डिसेंबर, शून्य. जानेवारी, शून्य. फेब्रुवारीत मी बोटं ठेवली तेव्हा मला वाटलं, हललं काहीतरी... ते हलावं असं इतकं वाटत होतं की माझीच बोटं थरथरत होती. मी हात काढला आणि शून्य लिहिलं. मॅडमच्या चिठ्ठीतही शून्यच होतं. एकनाथचं काट्याचं बोलणं मी त्यांना सांगितलं होतं. त्या दिवशी मॅडम पहिल्यांदा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "जुळला तुझा काटा."

पण तो खोटा एक लिहिता आला असता तर, असं मला फार वाटलं. तसं वाटलं हेही मी त्याला सांगितलं. पौड रोडच्या कडेला, उसाच्या रसाच्या गाड्यावर. तो म्हणाला, "शून्य तर शून्य. तुमी खरं सांगता म्हनून झोप लागती मला." अशा वाक्यावर मुलीने काय बोलावं? मी त्याच्या रसात लिंबू पिळलं.

मार्चमध्ये, होळीच्या आदल्या गुरुवारी, कल्पना मॅडमनी आधी तपासलं. चेहऱ्यावर रेषही न हलवता चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं, घडी घातली आणि रंभाबाईंच्या मुठीत दिली. "आता तू."

मी त्याच्या मागे उभी राहिले. तळवा खांद्याच्या माथ्यावर. दोन बोटं गोलाईवर, जिथे सगळं मांस उतरून हाड लागत होतं. डोळे मिटले.

"झुकू नका."

"न्हाई."

"बोलू नका."

त्याने पाठ ताठ केली.

"उचला."

काही नाही. आणि मग... बोटांखाली काहीतरी किंचित आवळलं. झोपेतलं पोर कुशीवर वळावं, एवढंच. विश्वास ठेवायचा नाही. "सोडा. पुन्हा." पुन्हा आवळलं. "सोडा. पुन्हा." तिसऱ्यांदाही. तो सरळ बसला होता, कोपराखाली कुणाचा हात नव्हता, आणि स्नायू आपला आपण जागा झाला होता.

मी पाटीवर आकडा लिहिला आणि रंभाबाईंना दाखवला. त्यांना वाचता येत नव्हतं, पण आमचे इंग्रजी आकडे ओळखता येत होते. त्यांनी मुठीतली चिठ्ठी उलगडली, एकदा ही पाहिली, एकदा ती पाहिली.

"दोन्हीकडं काठीच हाय वो," त्या म्हणाल्या. "एक! एक हाय!"

मॅडमनी चष्मा पुसला. "रंभाबाई, चला. चहा कुठे मिळतो दाखवा मला."

"दर येळी हितंच तर पिता..."

"चला म्हणते ना!"

दार लोटलं गेलं. मी मागेच उभी होते, हात अजून त्याच्या खांद्यावर.

"पाचपैकी एक?" त्याने मान न वळवता विचारलं.

"एक. खरा."

"एवढ्या मार्कावर अंबाजोगाईची मानसं पोरगी देतील का?"

मला हसू आलं आणि रडूही. "त्यांचं मी बघते. तुमच्या आईचं काय? मी फार बारीक आहे म्हणे."

"तिनं कवाच विचारून ठिवलंय. सून झोडणीला येनार का म्हनती."

"यंदा तुमच्याकडून दोन पेंढ्याही उचलल्या जायच्या नाहीत. मला झोडायला शिकवावं लागेल."

"शिकवतो की." तो जरा थांबला. "ज्ञानदा... आता तरी फुडं ये. तोंड दाव."

मी गेले नाही. माझं तोंड त्या वेळी कुणाला दाखवण्यासारखं नव्हतं, नाक लाल आणि डोळे गळके. मी तिथेच उभी राहिले, आणि माझ्या बोटांखाली तो नवा स्नायू पुन्हा एकदा, कुणी न सांगता, हलकेच आवळला.

मग एकनाथ मागे कलला. हळूहळू, सगळा भार सोडून. त्याचं डोकं माझ्या गळ्याशी टेकलं, आणि मी त्याला झुकू नका म्हणाले नाही.